भूतानला जावे ते कोणत्या ऋतूत? : नोव्हेंबरातील प्रवासाची रोजनिशी

भूतानला जायचे ठरल्यावर आमच्या घरी सर्वांत जास्त चर्चा झाली ती महिन्याची. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन हंगाम दिलेले असतात आणि ढोबळमानाने ते बरोबरही आहेत. परंतु मार्चचा पहिला आठवडा आणि मेचा शेवटचा आठवडा यांत तेथे जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय या देशाची दक्षिण सीमा दोन-तीनशे मीटर उंचीवर आहे, उत्तर सीमेवर साडेसात हजार मीटरचे शिखर आहे आणि या दोहोंमधील अंतर सरळ रेषेत फार तर पावणेदोनशे किलोमीटर भरते. अशा ठिकाणी नुसता महिना सांगून ऋतू कळत नाही, त्या महिन्यात आपण किती उंचीवर असणार आहोत हेही ठरवावे लागते.

पत्नी, सत्तरी ओलांडलेली आई आणि मी असे तिघे जाणार होतो. आईला फार थंडी सोसणार नव्हती, पत्नीला हिमशिखरे पाहायची होती आणि मला फोबजिखाच्या खोऱ्यात हिवाळ्यासाठी उतरणारे काळ्या मानेचे क्रौंच पाहायचे होते. ही तिन्ही मागणी एकत्र बसेल असा काळ शोधता शोधता आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर आलो. पुढील नोंदी रोज रात्री लिहिलेल्या टिपणांवरून तयार केल्या आहेत.

६ नोव्हेंबर : बागडोगरा ते फुन्त्शोलिंग

बागडोगराला विमान दुपारी उतरले. येथून भूतानची सीमा मोटारीने चार-पाच तासांची आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी सियालदहहून सुटणारी कांचनकन्या एक्सप्रेस हासिमारा स्थानकावर थांबते आणि तेथून सीमा अगदी जवळ आहे. आम्ही सेवोकजवळ कॉरोनेशन पुलावरून तिस्ता ओलांडली आणि माळबाजार, बीरपाडा, हासिमारा असे डुआर्स या डोंगरपायथ्याच्या पट्ट्यातल्या चहामळ्यांमधून पूर्वेकडे निघालो. नोव्हेंबरात या पट्ट्यात उकाडा राहिलेला नसतो, पण मोटारीच्या काचा खाली ठेवाव्यात इतपत ऊन असते.

वाटेत एकामागून एक नद्या लागतात आणि त्यांची पात्रे पाहूनच पावसाळ्याची कल्पना येते. अर्धा-पाऊण किलोमीटर रुंदीचा गोट्यांचा पसारा आणि त्यातून वाहणारी पाण्याची एखाद-दुसरी धार, असे त्यांचे आताचे रूप होते. जून ते सप्टेंबर हेच पात्र काठोकाठ भरते. भूतानच्या डोंगरांत कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो आणि मग डुआर्समधील रस्ते व लोहमार्ग दोन्ही अडतात. जलदापाड्याचे राष्ट्रीय उद्यानही १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात बंद असते, त्यामुळे भूतानला जोडून गेंडे पाहण्याचा बेत असेल तर तो पावसाळ्यात जमत नाही.

जयगाव हे भारताच्या बाजूचे शेवटचे गाव आहे. तेथील गजबजाटातून कमान ओलांडली की लगेच फुन्त्शोलिंग लागते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना घ्यावा लागतो. शाश्वत विकास शुल्क म्हणून प्रौढ भारतीयाला एका रात्रीचे १,२०० रुपये भरावे लागतात. सप्टेंबर २०२२ मध्ये कोविडनंतर सीमा पुन्हा उघडली तेव्हापासून ही रक्कम घेतली जाते. ऋतूची निवड करताना या शुल्काचा विचार अवश्य करावा, कारण ते जुलैतही तितकेच आणि ऑक्टोबरातही तितकेच असते. बिगर-हंगामात जाऊन जी बचत होते ती हॉटेलच्या भाड्यात होते, शुल्कात नव्हे. त्यामुळे वाईट हवामानात अडकून वाढलेली प्रत्येक रात्र महाग पडते.

घड्याळ अर्धा तास पुढे करून घेतले. नोव्हेंबरात येथे भूतानी वेळेनुसार सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आकाश निरभ्र मिळते, पण दिवस आखूड मिळतो, हा या महिन्याचा मोठा तोटा आहे आणि पुढच्या सर्व दिवसांची आखणी आम्हाला त्याप्रमाणे करावी लागली.

७ नोव्हेंबर : फुन्त्शोलिंग ते थिंफू

अंतर सुमारे १५० किलोमीटरच आहे, पण घाटातून पाच-सहा तास लागतात. हा रस्ता १९६१ पासून भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने बांधला. त्यापूर्वी भूतानात मोटार जाईल असा रस्ताच नव्हता आणि १९५८ मध्ये पंडित नेहरू पारोला गेले ते सिक्कीममधून तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरून, डोंगरवाटांनी मजल-दरमजल करत.

फुन्त्शोलिंग सोडल्यावर पहिल्या तासाभरातच रस्ता दीड-दोन हजार मीटर चढतो आणि दरडींचा पट्टा सुरू होतो. सोर्चेन आणि जुमजा या ठिकाणांची नावे तेथील प्रत्येक चालकाला पाठ आहेत. जुमजाजवळ डोंगराची अख्खी कूस सरकलेली दिसते. वर झाडी, खाली झाडी आणि मध्ये करड्या मातीची सैल उतरंड. रस्ता त्या उतरंडीच्या पोटातून काढलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा ती कोरडी होती आणि दोन यंत्रे गटार साफ करत होती. पावसाळ्यात याच जागी गाड्यांच्या रांगा लागतात. गेडूच्या आसपास तर पाऊस नसतानाही धुके असते. आम्हालाही सकाळी साडेदहाला दिवे लावून गाडी चालवावी लागली.

येथे पावसाचे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण ऋतूविषयीचे अर्धे गैरसमज त्यातून होतात. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे प्रथम या दक्षिणेकडील डोंगरांवर आदळतात. म्हणून पायथ्याच्या पट्ट्यात वर्षाला तीन ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हेच वारे डोंगर चढून आतल्या खोऱ्यांत पोहोचेपर्यंत बरेचसे रिते झालेले असतात आणि थिंफू-पारोमध्ये पडतो तो पाऊस जेमतेम सहा-सातशे मिलिमीटर. मराठी वाचकाला सांगायचे तर पायथ्याला कोकण आहे आणि पारोला पुणे, आणि मधला घाट एका दिवसात ओलांडता येतो. म्हणून ‘पावसाळ्यात भूतानला जाऊ नये’ हे वाक्य रस्त्याने येणाऱ्यासाठी पूर्णपणे खरे आहे. थेट पारोला विमानाने उतरणाऱ्यासाठी ते बऱ्याच अंशी सैल करता येते.

चुखाजवळ वांगछू नदीवरचा जलविद्युत प्रकल्प लागतो. भारताच्या साहाय्याने उभारलेल्या या प्रकल्पाची क्षमता ३३६ मेगावॅट आहे. आमच्या गाइडने सांगितले की, ज्या पावसाला पर्यटक घाबरतात त्याच पावसावर देशाचे उत्पन्न चालते. उन्हाळ्या-पावसाळ्यात नद्या भरून वाहतात तेव्हा भूतान भारताला वीज विकतो आणि हिवाळ्यात पाणी आटले की भारताकडून विकत घेतो.

चापचा ओलांडल्यावर खरोखरच झाडी बदलली. केळी, वेली आणि शेवाळ मागे पडून निळसर पाइनचे कोरडे डोंगर सुरू झाले. छुझोम येथे पारोची आणि थिंफूची नदी एकत्र येते. तेथे नेपाळी, तिबेटी आणि भूतानी अशा तीन घडणीचे स्तूप एका ओळीत आहेत. अंधार पडायच्या आत थिंफूला पोहोचलो.

८ नोव्हेंबर : थिंफू

थिंफू सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर अधिक. आईला त्रास होईल अशी धास्ती होती, पण रात्रीची थंडी सोडता काही जाणवले नाही. सकाळी आठ वाजता उन्हात उभे राहिल्यावर स्वेटर पुरत होता आणि त्याच वेळी सावलीत कानटोपी लागत होती.

राजधानीत गर्दी फारशी नव्हती. थिंफूचा त्सेचू, म्हणजे मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या नृत्यांचा उत्सव, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो आणि त्या आठवड्यात शहरात खोली मिळणे मुश्कील असते. हे उत्सव भूतानी चांद्र पंचांगावर चालतात आणि त्यांच्याकडेही आपल्या अधिक मासासारखा जादा महिना येतो, त्यामुळे तारखा दरवर्षी पुढे-मागे होतात. उत्सवासाठी जायचे असेल तर त्या वर्षीची जाहीर झालेली तारीख पाहूनच तिकिटे काढावीत.

सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येणारा थ्रुबाब हा सण पावसाळा संपल्याची खूण मानला जातो आणि त्या दिवशी लोक पहाटे उघड्यावर स्नान करतात. तरीही प्रवासासाठी तेवढ्या भरवशावर राहू नये, असे माझे मत आहे. २०२१ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलेल्या अवकाळी पावसाने भूतानमधील कापणीला आलेल्या भाताचे मोठे नुकसान केले होते. दुसऱ्या टोकाला, मे २००९ मध्ये ऐला चक्रीवादळाने तेथे पूर आणले होते. म्हणजे हंगामाच्या दोन्ही कडा, मेअखेर आणि ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे, बंगालच्या उपसागराच्या मर्जीवर आहेत.

बाजारात सुकलेल्या लाल मिरच्यांच्या राशी होत्या. शहराबाहेर काही घरांच्या पत्र्यांवर अजून मिरच्या पसरलेल्या दिसल्या, पण त्यांचा खरा थाट सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो.

९ नोव्हेंबर : दोचुलामार्गे पुनाखा

आजच्या दिवसासाठीच हा महिना निवडला होता. दोचुला खिंड सुमारे ३,१०० मीटरवर आहे. डिसेंबर २००३ च्या लष्करी मोहिमेत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोरजी वांगमो वांगचुक यांच्या पुढाकाराने उभारलेले १०८ छोर्तेन, म्हणजे स्तूप, तेथे आहेत. आम्ही थिंफूहून साडेसहाला निघालो आणि साडेसातच्या आत खिंडीत होतो.

उत्तरेची सगळी रांग उघडी होती. डावीकडून उजवीकडे नजर फिरवताना मध्ये एकही ढग आडवा येत नव्हता आणि गाइड एकेका शिखराकडे बोट दाखवून नाव सांगत होता. मासागांग ओळखता आले, तेरी गांग ओळखता आले, आणि रांगेच्या पूर्वेकडील टोकाला, बराच दूर, गांगखार पुएनसुम होते. ७,५७० मीटरचे हे भूतानमधील सर्वोच्च शिखर आजवर कोणीही सर केलेले नाही आणि आता कोणी करणारही नाही, कारण डोंगर ही देवतांची वस्ती आहे या श्रद्धेपोटी भूतानने १९९४ मध्ये ६,००० मीटरवरील शिखरांवर आणि २००३ पासून सरसकट गिर्यारोहणावर बंदी घातली. पत्नी जवळजवळ तासभर कठड्यापाशी उभी होती. नऊच्या सुमारास खोऱ्यांतून वाफ वर येऊ लागली आणि दहापर्यंत अर्धी रांग झाकली गेली. ऋतू बरोबर असूनही वेळ चुकली असती तर हे दिसले नसते.

गाइडच्या म्हणण्यानुसार आकाशाच्या स्वच्छतेचा क्रम लावायचा तर डिसेंबर-जानेवारी पहिला, नोव्हेंबर दुसरा आणि ऑक्टोबरअखेर तिसरा. मार्च-एप्रिलमध्ये वणव्यांचा धूर आणि धुरळा हवेत असतो, म्हणून वसंतात डोंगर असूनही ते पुसट दिसतात. मात्र एप्रिलमध्ये हाच उतार फुललेला असतो. भूतानात ऱ्होडोडेंड्रॉनच्या ४६ जाती आहेत आणि दोचुलापलीकडील लांपेरीच्या वनस्पती उद्यानात त्यांतील अनेक एकत्र पाहता येतात. मला विचाराल तर फुले आणि शिखरे यांतून एकाचीच निवड करावी लागते. दोन्ही एकाच प्रवासात मिळतील असे कोणी सांगितले, तर त्यावर विसंबू नये.

दोचुलापासून पुनाखापर्यंत रस्ता अठराशे मीटर उतरतो. सकाळी हातमोजे होते, दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरला. पुनाखा साधारण १,२५० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही किंचित खाली आहे, आणि तेथे संत्री व केळी पिकतात. हिवाळ्यात थिंफूचा मुख्य भिक्षुसंघ धर्मगुरू जे खेन्पो यांच्यासह याच उबेसाठी पुनाख्याच्या झोंगमध्ये, म्हणजे किल्लेवजा मठात, येऊन राहतो. ही प्रथा शतकानुशतके चालू आहे आणि प्रवाशानेही ती ध्यानात ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत भूतानला जाणाऱ्याने पारो-थिंफूचे मुक्काम कमी करून पुनाख्याचे वाढवले तर थंडीचा प्रश्न निम्मा सुटतो.

दुपारी चिमी ल्हाखांग या मंदिराकडे बांधाबांधावरून चालत गेलो. खाचरांत भाताची कापणी अर्धी झाली होती. एका खाचरात चार बाया आणि दोन पुरुष झोडणी करत होते. आडव्या मांडलेल्या सपाट दगडावर पेंढी आपटायची, तीन-चार फटक्यांत दाणे ताडपत्रीवर गळायचे, मग पेंढी उलटी करून एक शेवटचा फटका आणि पेंढा बाजूला. आईचे माहेर मावळातले. ती बांधावर थांबून बराच वेळ पाहत राहिली, मग वाकून एक लोंबी उचलून तिने दाणा दातांत धरून पाहिला. “वाळलाय चांगला,” ती म्हणाली. “आमच्याकडं फळीवर झोडतात, इथं दगडावर. पण या दिवसांत पाऊस आला तर हातातोंडाशी आलेला घास जायचा.” हे हिंदीतून ऐकून गाइडने त्या बायांना, बहुधा झोंगखा या भूतानी भाषेत, समजावून सांगितल्यावर त्यांतील वयस्क बाईने मान डोलावली आणि आईच्या ओंजळीत मूठभर तांबूस भात घातला.

पुनाख्याचा झोंग १६३७-३८ मध्ये भूतानचे एकीकरण करणारे शबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी फोछू आणि मोछू या नद्यांच्या संगमावर बांधला. ऑक्टोबर १९९४ मध्ये वरच्या भागातील हिमनदीचे तळे फुटून आलेल्या पुराने त्याचे नुकसान झाले होते. झोंगच्या भिंतीशी जॅकरंडाची झाडे आहेत. त्यांचा जांभळा बहर एप्रिल-मेमध्ये असतो. आता ती नुसती हिरवी होती.

१० नोव्हेंबर : फोबजिखा

वांगदू फोद्रांगचा झोंग वाटेत पाहिला. जून २०१२ च्या आगीत तो भस्मसात झाला होता आणि दहा वर्षांच्या कामानंतर २०२२ मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. तेथून रस्ता पुन्हा चढू लागला आणि तीन हजार मीटर ओलांडून आम्ही फोबजिखाच्या खोऱ्यात उतरलो.

हे खोरे सुमारे २,९०० मीटरवर आहे. तळाशी पाणथळ, त्यात खुजा बांबू, कडेला बटाट्याची शेते आणि वरच्या टेकाडावर गांगतेचा मठ. क्रौंचांना अडथळा होऊ नये म्हणून येथील विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत आणि २०१६ पासून हे पाणथळ जगातील महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. ऊन डोंगरामागे गेल्याबरोबर थंडी वाढली. रात्री पारा शून्याखाली उतरला. खोलीत लाकडावर चालणारी बुखारी होती, पण ती विझल्यावर तीन पांघरुणेही अपुरी वाटली. वयस्क माणसे बरोबर असतील, तर नोव्हेंबरनंतर फोबजिखात मुक्काम करण्यापूर्वी खोलीत रात्रभर चालणारी उष्णतेची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे. जानेवारीत तर येथील काही कुटुंबेही खालच्या उबदार खोऱ्यांत जाऊन राहतात.

११ नोव्हेंबर : क्रौंचांचा उत्सव

पहाटे सहाला खोऱ्याच्या कडेने चालत निघालो. गवतावर पांढरे हिंव पडले होते आणि पाणथळावर धुक्याचा पातळ थर होता. आवाज आधी आला. लांब, कर्ण्यासारखा, एकाने सुरू केलेला आणि दुसऱ्याने लगेच उचललेला. मग धुके वर सरकले तसे ते दिसू लागले. राखाडी अंग, काळी मान, काळे शेपूट आणि कपाळावर लाल ठिपका. चालताना एकेक पाय उचलून थांबत होते आणि चोचीने बांबूची मुळे उकरत होते. तीन-तीनच्या गटांत अनेक होते, दोन मोठे आणि मध्ये पिवळसर डोक्याचे यंदाचे पिल्लू.

भूतानी लोक त्यांना ‘थ्रुंग थ्रुंग कारमो’ म्हणतात. उन्हाळा तिबेटच्या पठारावर काढून हे पक्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून येथे यायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात. येताना आणि जाताना ते गांगतेच्या मठाभोवती तीन प्रदक्षिणा घालतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. क्रौंचांसाठीच जायचे असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ खात्रीचा आहे. एप्रिल किंवा सप्टेंबरात फोबजिखाला जाणाऱ्याला सुंदर खोरे दिसेल, पक्षी दिसणार नाहीत.

उत्सव मठाच्या अंगणात होता. १९९८ पासून तो दरवर्षी ११ नोव्हेंबरला होतो. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा वाढदिवसही याच दिवशी येतो. तारीख इंग्रजी कॅलेंडरवर पक्की असल्यामुळे प्रवासाची आखणी करणाऱ्याला हा भूतानमधील सर्वांत सोयीचा उत्सव आहे. शाळकरी मुले पांढरे-काळे पंख बांधून, डोक्यावर क्रौंचाची चोच लावून गोल नाचत होती. एका लहान मुलाची चोच सारखी डोळ्यांवर घसरत होती आणि तो पंखानेच ती वर करून पुन्हा ठेका धरत होता. त्यानंतर मोठ्यांची मुखवटानृत्ये झाली. अंगणात बसायला जमीनच होती, पण आईला एका कुटुंबाने आपल्या सतरंजीवर जागा दिली आणि लोण्याचा खारट चहा दिला. दुपारी जेवायला केवा दात्शी, म्हणजे याच खोऱ्यातला बटाटा आणि चीज, मिळाले.

१२ नोव्हेंबर : पारोकडे

दिवस प्रवासात गेला. दोचुलाला दुपारी पोहोचलो तेव्हा शिखरे ढगांत होती. पारोत अंधारात शिरलो.

१३ नोव्हेंबर : ताक्त्सांग

पारोच्या खोऱ्याच्या तळापासून सुमारे ९०० मीटर वर, ३,१२० मीटर उंचीच्या कड्याला चिकटून ताक्त्सांग मठ आहे. गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून येथे आले आणि त्यांनी गुहेत ध्यान केले, अशी कथा आहे. मठ १६९२ मध्ये बांधला गेला. एप्रिल १९९८ मध्ये तो आगीत जळाला आणि २००५ मध्ये पुन्हा उभा राहिला.

चढण तीन तासांची आहे आणि पायांखालच्या जमिनीवर सगळे अवलंबून आहे. नोव्हेंबरात वाट कोरडी, थोडी धुळीची, पण घट्ट होती. ओक आणि पाइनच्या फांद्यांवरून दाढीसारखे शेवाळ लोंबत होते, त्यातून ऊन येत होते आणि चढताना घाम येत नव्हता. जुलैत हीच माती निसरडी होते. जानेवारीत शेवटच्या पायऱ्यांवर, धबधब्यापाशी, बर्फ धरते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असणाऱ्यांना पावसाळी वाट फारशी अवघड वाटणार नाही, परंतु येथे दरी मोठी आहे आणि उंचीमुळे दम लवकर लागतो. गुडघे दुखणाऱ्याने कोरडाच ऋतू धरावा. आई अर्ध्यावरच्या उपाहारगृहापर्यंत आली आणि तेथूनच समोरच्या कड्यावरचा मठ तिने मनसोक्त पाहिला. वरच्या टप्प्यात आम्ही दोघेच गेलो.

१४ नोव्हेंबर : चेले ला

पारोहून ‘हा’ नावाच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची चेले ला खिंड जवळजवळ ३,९९० मीटरवर आहे. गाडीने इतक्या उंचीवर पोहोचता येते, म्हणून ती सगळ्यांना जमते. वारा मात्र कडाक्याचा होता; आई गाडीतच बसली. जोमोल्हारी शिखर, सात हजार तीनशे मीटरांहून उंच, समोर स्वच्छ उभे होते आणि पलीकडे ‘हा’च्या खोऱ्यातली शेते तपकिरी झाली होती. डिसेंबरपासून मोठी हिमवृष्टी झाली की ही खिंड एखाद-दोन दिवस बंद राहू शकते. मेअखेरीपासून पुढे, पाऊस सुरू होत असताना, याच उतारांवर भूतानचे राष्ट्रीय फूल असलेली निळी पॉपी फुलते. म्हणजे ती पाहायची तर शिखरांवर पाणी सोडावे लागते.

महाराष्ट्रातून मे महिन्याच्या सुटीत येणाऱ्यांविषयी मी गाइडला मुद्दाम विचारले. तो म्हणाला की मेचा पहिला पंधरवडा चांगला असतो. दुपारनंतर वादळी सर येते, सकाळ बहुधा मोकळी मिळते, आणि डोंगर दिसण्याची आशा धरू नये. पारोचा मोठा त्सेचू मार्च-एप्रिलमध्ये असतो. त्याच्या शेवटच्या दिवशी उजाडण्यापूर्वी पद्मसंभवांचे भव्य रेशमी पटचित्र उलगडले जाते आणि ऊन पडायच्या आत ते गुंडाळून ठेवतात. त्या आठवड्यासाठी हॉटेल काही महिने आधी राखावे लागते.

संध्याकाळी पारोच्या मोकळ्या खाचरांजवळ गाडी थांबली तेव्हा आईने विचारले, “इथं लावणी कधी?” गाइड म्हणाला, “जून में, माताजी. पूरा गाँव खेत में होता है।” आई म्हणाली, “मग मला जूनमध्ये आणा.”

१५ नोव्हेंबर : पारोहून परत

पारोचा विमानतळ अरुंद खोऱ्यात आहे. वैमानिकाला डोळ्यांनी डोंगर पाहत विमान वळवावे लागते, म्हणून उड्डाणे दिवसाउजेडीच होतात आणि ढग उतरले की थांबतात. वसंतात दुपारी खोऱ्यातून जोराचा वारा सुटतो, त्यामुळे बरीच विमाने सकाळची असतात. आमचे विमान वेळेवर सुटले. पावसाळ्यात मात्र पुढच्या तिकिटाच्या आधी एक दिवस रिकामा ठेवणे शहाणपणाचे आहे.

आईच्या जूनचा विचार आम्ही विमानातच सुरू केला. सर्व पत्रकांनी वगळलेला हा महिना, पण तिला शिखरे नकोत आणि थंडीही नको. तिला चिखलातली लावणी हवी आहे. म्हणून फुन्त्शोलिंगचा घाट टाळायचा, कोलकात्याहून थेट पारोला उतरायचे, दोचुलापलीकडे जायचे नाही, पारो आणि ‘हा’ या दोनच खोऱ्यांत राहायचे आणि येताना कोलकात्यात एक रात्र हाताशी ठेवायची, असा बेत आहे. जूनचा दुसरा आठवडा धरला आहे. पारोत तेव्हा रोपे खाचरांत गेलेली असतील की नाही, हे गाइड मेच्या अखेरीस कळवणार आहे.